झोप लागल्याचा अर्ज

रहदारी मोजणारा माणूस आपण सगळ्यांनी पाहिलेला असतो, पण त्याच्याकडे नीट कुणी बघत नाही. रस्त्याच्या कडेला घडीची खुर्ची, मांडीवर पुठ्ठा, पुठ्ठ्याला चिमट्याने लावलेला तक्ता आणि हातात पेन्सिल. तक्त्यात रकाने असतात. चालणारे, सायकली, दुचाक्या, मोटारी, ट्रक. समोरून एक गेलं की एक उभी रेघ. चार उभ्या झाल्या की पाचवी त्यांच्यावरून तिरकी, की झाला पाचाचा गठ्ठा. दिवसभर एवढंच काम. ऐकायला सोपं वाटतं ना? बसून बघा एकदा. अर्ध्या तासात डोळ्यांपुढे काजवे चमकतात आणि दुपारी बारानंतर तर बसल्या जागी मान कलायला लागते.

आपले रेघकाका हे काम सत्तावीस वर्षं करत होते. खरं नाव पगारपत्रकावर असेल, पण ऑफिसात शिपायापासून साहेबापर्यंत सगळे रेघकाकाच म्हणायचे. माणूस सुतासारखा सरळ. दोन नियम त्यांनी स्वतःला घालून घेतले होते. पहिला, खुर्चीत बसल्यावर डोळा मिटायचा नाही. दुसरा, कुणाला काही विचारायचं नाही. "मोजणाऱ्याने बघायचं, विचारायचं नाही," असं ते नव्या पोरांना सांगायचे. "विचारलंत की लोक सांगायला लागतात, आणि लोक सांगतात ते कधी कमी नसतं." काकू, म्हणजे त्यांची बायको, म्हणायची, "रस्त्यावरून मुंगी गेली तरी यांच्याकडे नोंद असते, आणि घरात बायको तीन वेळा समोरून गेली तरी पत्ता नसतो."

मग तो एक्सप्रेसवे आला. दोन शहरांमधला पाच तासांचा प्रवास दोन तासांवर आणणार होता म्हणे. रस्ता जमिनीवरून जाणार नव्हता, दोन पुरुष उंच मातीच्या भरावावरून जाणार होता, आणि दोन्ही बाजूंना तारेचं कुंपण. म्हणजे पूर्वी लोक जिथून सहज इकडून तिकडे जायचे तिथे आता भिंतच उभी राहणार. ऑफिसचा नियम असा होता की जिथे दिवसाला सरासरी दीडशे माणसं पायी ओलांडतात तिथे भरावाखालून अंडरपास द्यायचा. त्याहून कमी असतील तर नाही. माणसं किती आहेत ते तीन दिवस बसून मोजायचं, आणि कशासाठी मोजतोय ते कुणाला सांगायचं नाही. सांगितलं तर लोक सकाळपासून नुसत्या येरझाऱ्या घालतील, अशी ऑफिसला भीती. ही भीती अगदीच खोटी होती असंही नाही.

रेघकाकांच्या वाट्याला चौदा जागा आल्या. त्यातली एक त्यांच्या ताईच्या वस्तीची होती.

ताई त्यांच्याहून नऊ वर्षांनी मोठी. आई लवकर गेली, तेव्हा हिनेच त्यांना वाढवलं. वस्तीच्या अलीकडच्या बाजूला तिचं दोन खोल्यांचं घर, आणि जिथून भराव जाणार होता त्याच्या पलीकडे, पायवाटेने गेलं की, तिचं शिवणाचं दुकान, दवाखाना, बाजार, बसथांबा. दवाखान्याच्या चादरी आणि गणवेश ती शिवायची. तिच्या नवऱ्याचं, म्हणजे काकांच्या मेहुण्यांचं, अर्धं अंग लुळं पडलेलं. आठवड्यातून तीनदा त्यांना चाकाच्या खुर्चीत बसवून ती पलीकडे व्यायामाला न्यायची. त्या व्यायामामुळेच मेहुणे चमचा धरायला लागले होते. काका कामामुळे तिच्याकडे वर्षातून एकदा जायचे, तेही सुट्टीच्या दिवशी, उभ्याउभ्या.

मोजणीला बसायच्या आदल्या दिवशी त्यांनी ताईला एवढंच सांगितलं, "तीन दिवस तुझ्या वस्तीच्या तोंडाशी बसणार आहे. गाड्या मोजायच्यात." अर्धंच सांगितलं. बहीण झाली म्हणून काय झालं, नियम तो नियम.

तीन दिवस ते बसले. पायवाट मळून मळून गुळगुळीत झालेली, पण माणसं म्हणाल तर तुरळक. पहिल्या दिवशी तेवीस, दुसऱ्या दिवशी एकोणीस, तिसऱ्या दिवशी सत्तावीस. काकांना थोडं नवल वाटलं. वाट एवढी मळलेली आणि माणूस नाही? पण विचारायचं नाही म्हणजे नाही. दिसलं ते लिहिलं, खाली सही केली आणि उठले. घरी आल्यावर काकूला अभिमानाने म्हणाले, "सख्ख्या बहिणीची वस्ती, पण एक रेघ जास्त ओढली नाही."

काकू म्हणाली, "मोठा पराक्रम केलात."

दोन वर्षं गेली. नकाशे झाले, मंजुऱ्या झाल्या, मातीचे डंपर धावायला लागले. एका सुट्टीच्या दिवशी ताईचा निरोप आला म्हणून काका तिच्याकडे गेले. भराव वस्तीपासून हाकेच्या अंतरावर येऊन थांबला होता. ताईच्या स्वयंपाकघरात मेहुणे खिडकीशी खुर्चीत बसलेले, ताई ओट्यापाशी.

"अरे, आमच्या इथे अंडरपास नाही म्हणतात," ताई म्हणाली. "डंपरवाला सांगत होता. जवळचा आहे तो चार किलोमीटरवर. चार जायचे, चार यायचे. ह्यांना ढकलत मी आठ किलोमीटर कशी जाऊ? तुझ्या ऑफिसात काहीतरी गोंधळ झालाय. जरा बघ ना."

काकांनी मान खाली घातली, पण आवाज ऑफिसचाच लावला. "ताई, गोंधळ नाही. नियम आहे. दीडशे माणसं लागतात. तुमच्या इथे दिवसाला तेवीस जातात. मी स्वतः मोजलीत."

"तेवीस?" ताई हसायलाच लागली. "अरे वेड्या, या वाटेने रोज चारशे माणूस जातं. शाळा सुटल्यासारखी रांग असते सकाळी."

"मी तीन दिवस बसलो होतो, ताई. डोळ्यांत तेल घालून."

"हां, ते तीन दिवस होय," ती म्हणाली, आणि हात पुसत पुसत अगदी सहज सांगून गेली. "त्या तीन दिवसांत कोण जाणार होतं? मीच घरोघरी जाऊन सांगितलं होतं ना. माझा भाऊ मोजायला बसलाय, नजर हलली की त्याला पहिल्यापासून सुरुवात करावी लागते, तेव्हा त्याच्या पुढून कुणी जाऊ नका. सगळे मागच्या नाल्यातून वाकून जायचे. बिचाऱ्या म्हाताऱ्यासुद्धा. ह्यांना काही नाल्यातून नेता येईना, म्हणून यांचा दवाखानाच चुकवला मी तीन दिवस. तुझा डबा नाही का मी मागून आणून द्यायचे? तुला कुणाचा त्रास झाला नाही ना?"

खोटं कशाला बोलू, काका मटकन खालीच बसले. मेहुण्यांनी मान वळवून पाहिलं. ताई घाबरली, पाणी आणलं. "काय होतंय रे? बोल ना."

काय बोलणार? तुझ्या मायेनेच तुझी वाट बुजवली, असं सांगणार? त्यांना तो डबा आठवत होता. रोज दुपारी एकच्या ठोक्याला पाठीमागून आलेला, आणि पाठीमागून का, हे त्यांनी एकदाही विचारलं नव्हतं. एकदा विचारलं असतं तरी सगळं निभावलं असतं. पण विचारायचं नाही ना. नियम.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते परत निघताना वाटेच्या तोंडाशी उभे राहिले. पुठ्ठा नव्हता, पेन्सिल नव्हती. दहा वाजेपर्यंत दोनशे सहा माणसं गेली. जाताना बरीच जण ओळखून हसली. "काय, परत मोजायला का? सांगून ठेवा हां, आम्ही मागून जाऊ," असं एक दूधवाला म्हणाला. काकांना त्याच्याकडे बघवेना.

ऑफिसात अंडरपासचं काम इंजिनिअर मॅडमकडे होतं. वयाने काकांच्या मुलीएवढी, पण कामाला चोख. काकांनी तिला सगळं खरं खरं सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"काका, चारशे माणसं तीन दिवस नाल्यातून वाकून गेली? तुमची नजर हलू नये म्हणून?"

"हो."

"हे मी वर कसं लिहू? साहेब मला खुळ्यात काढतील. आणि समजा खरं असलं, तरी हा मोजणीचा दोष होत नाही. लोक आले नाहीत म्हणजे नाहीत. फेरमोजणी फक्त मोजणीत दोष असेल तरच मिळते." तिने नियमाचं पान काढून समोर धरलं. "मोजणारा गैरहजर होता. मोजणाऱ्याला झोप लागली. तक्ता हरवला. यांतलं काही झालं होतं का?"

काका म्हणाले, "नाही."

"मग तुमचे आकडे बरोबर आहेत, काका. तुमचे असतातच."

या शेवटच्या वाक्याने त्यांना जेवढं लागलं तेवढं आयुष्यात कुठल्या शिवीने लागलं नव्हतं. ते जागेवर जाऊन बसले. दुपारभर बसले. चार वाजता त्यांनी कोरा कागद घेतला आणि त्याच त्या सुबक अक्षरात लिहिलं की सदर ठिकाणी मोजणीच्या तिन्ही दिवशी मला झोप लागली होती, आकडे अंदाजाने भरले, फेरमोजणी व्हावी. खाली सही केली.

मॅडमने कागद वाचला आणि तिचा चेहराच उतरला. "काका, हे खोटं आहे. मला माहीत आहे हे खोटं आहे."

"सही माझी आहे ना?"

"नोकरीवर येईल."

"येऊ द्या."

घरी काकूला सांगितलं तेव्हा तिने हातातलं भांडं खाली ठेवलं. मग म्हणाली, "अहो, तुम्ही घरात झोपता तेसुद्धा एक डोळा उघडा ठेवून. आणि जगाला सांगून आलात की झोपलो होतो? ताईंना माहीत आहे?"

"तिला सांगायचं नाही. तिला कळलं तर ती अन्नाला शिवायची नाही."

बघा, खरं सांगितलं तेव्हा कुणाचा विश्वास बसला नाही, आणि खोटं लिहून दिलं तर ते चार दिवसांत तीन टेबलं ओलांडून साहेबापर्यंत पोचलं. फेरमोजणी मंजूर झाली. दुसरा मोजणारा जाऊन बसला. चारशे एकतीस, चारशे अठरा, चारशे चाळीस. अंडरपास मिळाला. पाया खणायला सुरुवातसुद्धा झाली. काकांना मोजणीवरून काढून जुन्या नकाशांच्या खोलीत बसवलं. ऑफिसातली पोरं समोर काही बोलायची नाहीत, पण ते आले की गप्प व्हायची. कुणीतरी त्यांच्या जुन्या खुर्चीवर उशी ठेवली होती. काकांनी ती उचलून बाजूला ठेवली आणि खोलीत निघून गेले. ताईचा फोन आला, "बघ, म्हटलं होतं ना, गोंधळच होता. आता ह्यांना सरळ पलीकडे नेता येईल." तिचा तो आवाज ऐकून त्यांना वाटलं, चला, उशी तर उशी. स्वस्तात सुटलो.

कसलं स्वस्तात. महिन्याभराने मॅडम स्वतः नकाशांच्या खोलीत आली आणि दार लोटून घेतलं.

"काका, साहेबांनी तुमच्या सगळ्याच मोजण्या रद्द केल्यात."

"सगळ्याच म्हणजे?"

"चौदाच्या चौदा. एका ठिकाणी झोपलेला माणूस बाकी तेरा ठिकाणी जागा होता कशावरून, असं लिहिलंय त्यांनी. परत मोजून घेतलं. बाकी ठिकाणी फारसा फरक पडला नाही. फक्त टेकडीखालच्या शाळेचा अंडरपास गेला."

काकांना वाटलं, आपण नीट ऐकलं नाही. टेकडीखालच्या शाळेपाशी दिवसाला सहाशे बारा आले होते. तक्त्यात जागा पुरली नव्हती, मागच्या बाजूला रेघा ओढाव्या लागल्या होत्या.

"तिथे तर सहाशे होते," ते म्हणाले.

"फेरमोजणीत अडतीस आले."

"कधी केली?"

मॅडम खाली बघून म्हणाली, "गेल्या आठवड्यात. शाळेला सुट्टी लागलीय."

"अहो मग पोरं कुठून येणार? शाळा उघडल्यावर परत मोजा."

"कंत्राटदार थांबायला तयार नाही. भराव तिथे पोचलाय. मी भांडले, काका. खरंच भांडले. साहेब म्हणतात, ज्याची झोपेतली कुठली आणि जागेपणीची कुठली हेच कळत नाही, त्याच्या आकड्यावर मी काँक्रीट ओतू का?"

"मी लिहून देतो. ती मोजणी खरी होती."

"आणि ताईंकडची?" मॅडमने विचारलं. "नुसतं शाळेपुरतं लिहिलंत तर साहेब मानणार नाहीत. तुम्ही कधीच झोपला नव्हता असं लिहून दिलंत तर शाळेची मोजणी उभी राहते, हे खरं आहे. पण मग ताईंकडचा तो अर्जच खोटा ठरतो. फेरमोजणी पडते, आणि तुमचे तेवीस परत खरे होतात. तिथे अजून नुसता खड्डाच आहे. काँक्रीट पुढच्या सोमवारी."

मॅडम दार उघडून निघून गेली. बिचारीने हेही सांगितलं नाही की काय करा. तिला तरी काय सुचणार होतं?

त्या रात्री त्यांनी जेवण केलं नाही आणि काकूने कारण विचारलं नाही. सकाळी उठून ते टेकडीखालच्या शाळेत गेले. का गेले, हे त्यांनाही सांगता आलं नसतं. भराव शाळेच्या फाटकाच्या रेषेत येऊन ठेपला होता. पलीकडे घरं, अलीकडे शाळा. वर्ग बंद, व्हरांड्यात बाकं उलटी करून ठेवलेली. ऑफिसच्या खोलीत मोठ्या बाई एकट्याच हजेरीपटांचे गठ्ठे बांधत होत्या. काकांना बघताच त्या उठून उभ्या राहिल्या.

"तुम्हीच ना ते? रेघा ओढणारे?" त्यांनी खुर्ची पुढे केली. "बसा, बसा. देवासारखे आलात. तुमचा पत्ता शोधून शोधून थकले मी."

टेबलावर ऑफिसचं पत्र होतं. मोठ्या बाईंनी ते त्यांच्या पुढे सरकवलं.

"बघा काय लिहिलंय. म्हणे मोजणारा माणूस झोपाळू होता, आकडे भरवशाचे नाहीत. मी म्हटलं, कुठल्या तरी दुसऱ्याच माणसाचं यांच्यावर घातलंय. मी तीन दिवस या खिडकीतून तुम्हाला बघत होते. उन्हात बसलेले. पाणी प्यायलात तरी डोळे वाटेवरच. मी शिक्षकांना दाखवायची, म्हणायची काम करावं तर असं." त्यांनी कोरा कागद आणि पेन त्यांच्या हातात दिलं. "दोन ओळी लिहून द्या. मी झोपलो नव्हतो, एवढंच. बाकी मी बघते. मंत्र्यापर्यंत जाईन. सहाशे पोरं आहेत माझी, ती या मातीच्या डोंगरावरून चढून गाड्यांमधून पळत येणार आहेत. एवढं कळतं ना तुम्हाला?"

काकांना कळत होतं. सगळ्यात जास्त त्यांनाच कळत होतं. पेन हातात होतं आणि लिहायचं होतं ते तर खरंच होतं, आयुष्यभर त्यांनी खऱ्याशिवाय दुसरं काही लिहिलं नव्हतं, तो एक अर्ज सोडून. दोन ओळी. आणि मग सोमवारी ताईच्या वस्तीतला तो खड्डा मातीने बुजवतील, आणि ती ओट्याशी उभी राहून विचारेल, अरे, आता काय झालं? त्यांना मेहुण्यांचा चमचा धरलेला हात दिसत होता. पोरांचे चेहरे आठवायचा त्यांनी प्रयत्न केला, अगदी मनापासून केला, पण त्यांना एकही चेहरा आठवेना. त्यांनी फक्त रेघा ओढल्या होत्या.

त्यांनी पेन टेबलावर ठेवलं.

"झोप लागली होती, बाई," ते म्हणाले. "पत्रातला माणूस मीच."

मोठ्या बाई त्यांच्याकडे बघतच राहिल्या. रागाने नव्हे. समोरच्या माणसाला अचानक काहीतरी झालंय, अशा नजरेने.

"असं कसं म्हणता?" त्या हळूच म्हणाल्या. "दुसऱ्या दिवशी पहिलीतली मुलगी पाय घसरून वाटेत पडली आणि मागून ट्रक येत होता, तेव्हा पुठ्ठा फेकून धावत जाऊन तिला उचललं ते कोण होतं मग?"

काकांनी टेबलावरचं पेन त्यांच्याकडे सरकवलं. बाईंनी कोरा कागद त्यांच्या पुढून ओढून घेतला आणि हजेरीपटांची दोरी परत बांधायला लागल्या.

सोमवारी ताईच्या वस्तीत काँक्रीट पडलं.